न बांधलेला मजला

९ नोव्हेंबर

अप्पांच्या खोलीच्या छतावरचा ओलीचा डाग आज मोजला. मागच्या महिन्यात ताटलीएवढा होता, आता परातीएवढा झालाय. अप्पांनी पलंग ढकलत कोपऱ्यात नेला आहे आणि मला त्याचा पत्ता लागू दिलेला नाही. विचारलं तर म्हणाले, "डोळ्यांवर उजेड येत होता." त्यांच्या खोलीत उजेडच कुठे येतो?

संध्याकाळी मिस्त्री येऊन गच्ची बघून गेले. आईच्या आजारपणात न्हाणीघराची फरशी त्यांनीच बदलली होती, त्यामुळे घर त्यांच्या ओळखीचं आहे. सळ्यांच्या बुडाशी बोट फिरवून त्यांनी ते माझ्यासमोर धरलं. विटकरी रंगाचं झालं होतं.

"पाणी सळ्यांवाटे खांबात उतरतंय, ताई. गंज फुगतो आणि काँक्रीट फोडतो. ह्या सळ्या कापून तोंडं बंद केल्याशिवाय वर काय वाट्टेल ते ओता, ओल थांबायची नाही."

आमच्या गच्चीवर नऊ खांबांची डोकी वर आलेली आहेत. प्रत्येकातून चार सळ्या, म्हणजे छत्तीस. वरचा मजला चढवायचा म्हणून त्या मोकळ्या ठेवलेल्या. घर बांधून चाळीस वर्षं झाली, मजला चढलेला नाही.

मी मिस्त्रींना विचारलं, सळ्या गेल्या तर वर बसायला नीट जागा होईल का? थोडी सावली, चार खुर्च्या, कुंड्या. ते म्हणाले, "बसायला? संसार मांडाल एवढी जागा आहे."

विचार अप्पांसाठीच आला. आई गेल्यापासून, म्हणजे दोन वर्षं, ते खोलीबाहेर फारसे पडत नाहीत. पण वहीत तरी खरं लिहावं. ती जागा मला स्वतःलाही हवी आहे, आणि ती फार जुनी इच्छा आहे.

१० नोव्हेंबर

अप्पांना विचारलं. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सळ्यांना हात लावायचा नाही."

"पण ओल?"

"पलंग सरकवलाय ना मी?"

म्हणजे पलंग उजेडामुळे सरकवला नव्हता, हे कबूल झालं. मी ते बोलून दाखवलं नाही. अप्पांना पकडण्यात आता मजा राहिलेली नाही.

गच्चीवर कधीच काही ठेवू दिलं नाही त्यांनी. कॉलेजात असताना मी मोगऱ्याची एक कुंडी वर नेली होती. दुसऱ्या दिवशी ती जिन्याखाली. "वरचा मजला होईल तेव्हा उचलत बसायचं का?" म्हणाले. वरचा मजला दादासाठी, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. पाहुणे विचारायचे, "मुलासाठी का?" अप्पा नुसते हसायचे. त्याच वर्षी दादा शिकायला परदेशी गेला, तिथेच राहिला, आणि त्याचा मजला आकाशात मोकळा उभा राहिला. त्याच्या नावाच्या रिकाम्या जागेत मला एक कुंडी ठेवता आली नाही, हे मी कधी विसरले नाही. शेहेचाळीस वर्षांच्या बाईला शोभत नाही, पण नाहीच विसरले.

ता. क. हाताची कड पुन्हा निळी झाली आहे. डाव्या हाताने शाईचं पेन वापरायचं म्हणजे लिहीत जायचं आणि पुसत जायचं. घरात डावखुरी मी एकटीच. शाळेत बाईंनी माझा डावा हात रुमालाने बाकाला बांधला होता, तेव्हा अप्पा ऑफिस सोडून शाळेत आले होते. काय बोलले कुणास ठाऊक, पण तो रुमाल पुन्हा दिसला नाही.

१६ नोव्हेंबर

रविवार. दादाचा फोन.

"काय हेडबाई, वही तपासून झाली का?" मी पाचवीत असल्यापासून हेडबाई आहे. त्याच्या निबंधातल्या चुका मी लाल पेन्सिलने काढायचे म्हणून.

सळ्यांचं सांगितलं. म्हटलं, "तुझा मजला आहे, तू अप्पांना सांग."

"माझा? मला कोणी कधी काही बोललं नाही. मला वाटायचं भाडेकरू ठेवणार आहेत."

"असं कसं? तुझ्यासाठीच तर चाललं होतं सगळं."

"अगं, मी त्या गच्चीवर फक्त तुझी हजेरी घेतलीय."

मग दोघेही हसत बसलो. आम्ही गच्चीवर शाळा शाळा खेळायचो. सळ्या म्हणजे विद्यार्थी, दादा मास्तर. कोणाला टोक लागू नये म्हणून आईने प्रत्येक सळीवर औषधाची नाहीतर सरबताची रिकामी बाटली उलटी घातली होती. वारा आला की छत्तीस बाटल्या किणकिणायच्या, आणि दादा ओरडायचा, "वर्गात शांतता!" तपकिरी बाटल्यांचा आवाज जाड, हिरव्यांचा पातळ. दुपारी डोळे मिटून पडलं की वारा कुठल्या बाजूने आला ते कळायचं.

दादा विसरलाय, एवढंच. ज्याच्यासाठी जागा राखलेली असते, त्याला ती आठवायची गरज पडत नाही.

१८ नोव्हेंबर

आज वाचनालयात पुस्तकं लावताना आठवलं. एका रविवारी अप्पांनी खडूने गच्चीवर वरचा मजला काढला होता, पूर्ण मापात. मी एकोणीस वर्षांची असेन, दादाचं जायचं ठरलं होतं.

अप्पा नकाशे काढायच्या खात्यात आरेखक होते. हातात खडू असला तरी रेघ पट्टीने ओढल्यासारखी यायची. इथे दार, इथे खिडकी, इथे ओटा. मग आम्हाला म्हणाले, "आता घरात या." आई दाराच्या फटीतून, खांदे आखडून, खरंच चौकट असल्यासारखी आत आली. दादा सरळ चालत गेला तर अप्पा ओरडले, "भिंतीतून कुठे निघालास? दारातून ये!" आई हसून हसून बसली.

मला एका कोपऱ्यात जमिनीवर बसवलं होतं. "अशी नाही, वळ. अजून. आता लिहिल्यासारखा हात कर." मी लहानखुरी आणि सगळ्यात गुपचूप ऐकणारी, म्हणून मापाला मीच. खडू पुढे कित्येक दिवस पुसला गेला नव्हता. मी तेव्हाही दारातूनच जात-येत होते.

२ डिसेंबर

आज मी एक वाईट काम केलं. क्रमाने लिहिते, म्हणजे मला स्वतःला पळवाट राहणार नाही.

परवा अप्पांच्या खोलीत पोपडा पडला, उशीपासून हातभर अंतरावर. अप्पांनी तो उचलून खिडकीतून बाहेर टाकला. मी तो अंगणात बघितला. मग मी त्यांच्या ऑफिसातल्या जुन्या मित्राला फोन करून सांगितलं, की तुम्ही आपणहून बोलावल्यासारखं करून त्यांना एक दुपार न्या. ते बिचारे खूश झाले. अप्पा कितीतरी महिन्यांनी इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर पडले. फाटकाशी मागे वळून म्हणाले, "तू एकटी कंटाळशील."

ते गेल्यावर दहा मिनिटांत मिस्त्री आले.

मी वर उभी होते. बाटल्या एकेक काढून खोक्यात ठेवल्या. मशीन सुरू झालं तेव्हा ठिणग्या कठड्यापर्यंत उडत होत्या. प्रत्येक सळीला अर्धं मिनिट लागलं. मिस्त्री मध्येच थांबून म्हणाले, "वडिलांना विचारलंय ना, ताई?" मी म्हटलं, "हो." विचारलं होतं, हे खरं आहे. उत्तर काय मिळालं ते त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

साडेचारला छत्तीसच्या छत्तीस सळ्या वरच, जिन्याच्या तोंडाशी पडलेल्या होत्या. गच्ची एकदम मोठी दिसायला लागली. मला आनंद झाला. तोही लिहायला हवा. अपराधी वाटायच्या आधी आनंद झाला.

अप्पा आले ते खुशीत होते. मित्राच्या नव्या चष्म्यावर दोन विनोद सांगितले. मी त्यांना जेवायला वाढलं.

५ डिसेंबर

दुपारी वारा सुटला. मी अप्पांना चहा नेऊन दिला. ते छताकडे बघत होते.

"बाटल्या वाजत नाहीत."

मी कप खाली ठेवला.

"तीन दिवस झाले," ते म्हणाले. "मला वाटलं वाराच पडलाय. आता तर पडदा हलतोय."

म्हणजे ते रोज ऐकत होते. दोन वर्षं ह्या खोलीत पडून ते काय करतात, असा मला प्रश्न पडायचा.

मी सगळं सांगितलं. मित्राला केलेल्या फोनसकट. ते रागावतील ह्याची मी वाट पाहत होते. रागावले असते तर मला बाजू मांडता आली असती. ते म्हणाले, "किती?"

"सगळ्या."

"बरं."

आणि भिंतीकडे तोंड करून पडले. चहावर साय धरली.

९ डिसेंबर

बोलणं बंद. जेवायला येतात, "मीठ दे" म्हणतात, जातात. मी मिस्त्रींना काम थांबवायला सांगितलं. ते म्हणाले, "असं अर्धवट टाकलं तर खांब जास्त खराब होतील हो. तोंडं तरी बंद करू द्या." तेवढं करू दिलं.

माझ्या मनात सारखं येतंय, की दादाची शेवटची खूण मी पुसली. अप्पांना वाटत असणार, मुलगा परत यायची जी काही आशा होती तीच मी कापली. मी लहान मुलीसारखा लाडाने हट्ट केला असता तरी चाललं असतं. मी कपट केलं. पुन्हा तशी वेळ आली, तर? छत उशीवर पडतंय हे बघून पुन्हा तसंच केलं असतं. मग पश्चात्ताप कशाचा होतोय, ते सापडत नाही.

११ डिसेंबर

सकाळी वाचनालयात निघाले तेव्हा अप्पा दारात उभे. हातात ती पत्र्याची नळकांडी, कपाटावरची.

"घे. आता माझ्याकडे ठेवून काय करायचं?"

"काय आहे?"

"मजला."

संध्याकाळी उघडली. वरच्या मजल्याचा नकाशा. अप्पांचं ते छापल्यासारखं बारीक अक्षर, कडा पिवळ्या पडलेल्या, तरी रेघ कुठे फिसकटलेली नाही. जिना बाहेरून, स्वतंत्र. झोपायची एकच खोली. पुढे मोठी खोली, तिच्या दोन भिंतींना जमिनीपासून छतापर्यंत फडताळं. "पुस्तके" असं लिहिलंय. दादा कधीपासून एवढी पुस्तकं वाचायला लागला? ओटा नेहमीपेक्षा तीन इंच खाली धरला आहे. आई वर चढून स्वयंपाक करेल असं धरलं असणार.

खिडकीजवळ लिहायचं टेबल आहे आणि तिथे एक चूक आहे. अप्पा सगळ्यांना सांगत आलेत की उजेड डावीकडून यावा, नाहीतर हाताची सावली कागदावर पडते. ऑफिसात नवीन माणूस आला की ते आधी त्याचं टेबल फिरवायचे. इथे मात्र खिडकी टेबलाच्या उजव्या हाताला आहे. दादा तिथे बसला असता तर रोज स्वतःच्याच सावलीवर लिहीत राहिला असता. एवढा काटेकोर माणूस, त्याच्याकडून असं कसं झालं? बहुधा दमून काढलं असेल. त्यांना सांगणार नाही. आता काय उपयोग.

२० डिसेंबर

मिस्त्रींना परत बोलावलं. अप्पांना सांगूनच. "अप्पा, काम पुढे करू का?" "कर." आवाजात काहीच नव्हतं, पण नाही म्हणाले नाहीत.

पाणी जायच्या नळाचं तोंड पोत्याने बंद करून गच्चीवर चार बोटं पाणी कोंडलंय. तीन दिवस ठेवायचं आणि खाली कुठे पाझरतंय का बघायचं. वर जाऊन आले. अख्खी गच्ची आरशासारखी, ढग पायाशी. लहानपणी हे सुचायला हवं होतं. दादाने होड्या सोडल्या असत्या आणि मी त्यांची नोंद ठेवली असती.

२३ डिसेंबर

छत कोरडं. अप्पांनी काठीच्या टोकाने डागाला स्पर्श करून बघितला आणि पलंग जुन्या जागी ओढायला लागले. मी दुसरी बाजू धरली. बोललो नाही, पण पलंग दोघांनी उचलला.

४ जानेवारी

गच्चीवर पांढरी फरशी बसली. उन्हाने तापत नाही. मिस्त्रींनी उतार असा दिलाय की बादलीभर पाणी ओतलं तर कुठेही न थांबता कोपऱ्यात जातं. ते दाखवण्यासाठी त्यांनी तीन बादल्या ओतल्या. लोखंडी पाइपांचा मांडव केला, वर जाड कापडाची सावली. जिन्याला कठडा बसवला. अप्पांसाठी, असं मी म्हटलं नाही, पण मिस्त्रींनी त्याची उंची ठरवायच्या आधी अप्पांची काठी मागून घेतली.

सहा कुंड्या आणल्या. पहिली मोगऱ्याची. ठेवताना मागे कोणी येतंय का, बघितलं मी. खरंच बघितलं.

जुन्या कॉलेजातून निकालात काढलेलं एक लिहायचं टेबलही वर नेलं. मांडवाखाली, असं मांडलं की उजेड डावीकडून यावा. नकाशातली चूक मी दुरुस्त केली, असं मनात आलं, आणि स्वतःचा राग आला.

१० जानेवारी

जागा सुंदर झाली आहे आणि मला तिथे बसवत नाही. शेजारच्या काकू बघून गेल्या. "मासिकात येईल गं!" म्हणाल्या. मी चहा घेऊन बसले, पाच मिनिटांत उठले. काहीतरी कमी आहे. आवाज कमी आहे.

११ जानेवारी

बाटल्यांचं खोकं जिन्याखाली होतं. आज रविवारची सुट्टी. सगळ्या बाटल्या धुतल्या. आईची खोकल्याच्या औषधाची बाटलीही होती, अर्ध्या चिठ्ठीसकट. चिठ्ठी भिजवली नाही. तारेने एकेक गळ्याशी बांधून मांडवाच्या पाइपाला टांगल्या, तपकिरी पश्चिमेला आणि हिरव्या पूर्वेला, पूर्वी होत्या तशा. सहा फुटल्या होत्या. तीस भरल्या.

चारच्या सुमाराला वारा आला.

खालून हाक. "कोणी लावल्या?"

"मी."

मी उरलेली तार गुंडाळली. मग, "हिरव्या कमी आहेत."

"सहा फुटल्या, अप्पा."

"हं."

महिन्याभरातलं सगळ्यात लांब बोलणं.

१८ जानेवारी

आज अप्पा वर आले.

आधी लिहिते ते जिन्याचं. सतरा पायऱ्या. वळणावर थांबले, कठड्यावर हात फिरवून म्हणाले, "ह्याची उंची कोणी काढली?" मिस्त्री शेवटचा रंग द्यायला आले होते, ते वरून म्हणाले, "तुमच्या काठीने." अप्पांना आवडलं ते.

गच्चीच्या तोंडाशी उभे राहून त्यांनी सगळं पाहिलं. फरशी, कुंड्या, मांडव. खुर्ची अगदी समोर होती, दहा पावलांवर. अप्पा मात्र डावीकडे वळले आणि कठड्याच्या कडेकडेने चालायला लागले. मला वाटलं, मोकळ्या जागेत तोल जाईल म्हणून घाबरतायत.

"अप्पा, इकडून सरळ या ना. मी हात धरते."

"भिंतीतून येऊ?"

मिस्त्री हसले, त्यांना वाटलं म्हातारा गंमत करतोय. अप्पा आपले चालत गेले, एका ठिकाणी थांबले, वळले, आणि खांदे जरासे आखडून आत आले. तिथे दार होतं. सत्तावीस वर्षांपूर्वी, खडूचं. मी आधीच आत उभी होते, भिंतीतून आलेली. मी परत बाहेर गेले आणि दारातून आले. त्यांनी मान हलवली.

खुर्चीवर बसले नाहीत. टेबलाजवळ गेले.

"हे उलटं मांडलंय."

"उजेड डावीकडून येतोय की, अप्पा. तुम्हीच सांगता."

"नकाशात खिडकी कुठल्या हाताला आहे?"

"उजव्या." मग सांगूनच टाकलं. "मला वाटलं, चुकलं असेल."

"माझं टेबल चुकेल?" काठी मांडीला टेकवून त्यांनी दोन्ही हातांनी टेबलाची कड धरली. "दादा कधी डाव्या हाताने लिहायला लागला?"

मी माझ्या हाताच्या निळ्या कडेकडे बघितलं. मिस्त्री रंगाचा डबा घेऊन जिन्याकडे गेले. शहाणा माणूस.

"मग सांगितलं का नाही कधी?"

"काय सांगणार? तू लग्न करणार नाहीस असं धरून बाप मजला बांधतोय, हे? एकोणीस वर्षांच्या मुलीला?" ते टेबलाकडे बघत बोलत होते. "तू म्हणायचीस तसं. आम्ही ऐकायचो. तुझ्या आईने मला शपथ घातली होती. म्हणाली, मुलीच्या कानावर गेलं तर तिला वाटेल आपण आशा सोडली. तिला हवं तर ती लग्न करेल, नाही तर तिला आपलं दार असेल. मग आधी दादाचं जाणं आलं, मग तुझ्या आईचंच आजारपण. मजला राहिला. म्हटलं, सळ्या आहेत तोवर राहिलाय म्हणता येतं."

"आणि त्या मी कापल्या."

"हो," अप्पा म्हणाले. "तुझ्याच होत्या." मग टेबलाची कड चाचपत, "पण मित्राला मध्ये घालायला नको होतं. त्याला आता वाटतं, मला त्याचा चहा आवडतो."

मला हसू यायला लागलं आणि ते हसण्यावर थांबलं नाही. अप्पांनी माझ्याकडे बघितलं नाही. "ओढ," म्हणाले. आम्ही दोघांनी टेबल फिरवलं. मग त्यांनी मला खुर्चीत बसवलं. "अशी नाही, वळ. अजून थोडी. आता लिहिल्यासारखा हात कर."

इतकी वर्षं मी एका कुंडीचा हिशोब मनात धरला. कुंडी खाली आली ती माझ्याच घरातून, हे त्यांना सांगता येत नव्हतं आणि मला विचारता आलं नाही. कोणाचं काय चुकलं ते आज ठरवणार नाही. वाटलं तर उद्या ठरवीन.

हे वरच बसून लिहिते आहे. ऊन कठड्याच्या खाली जायला आलं आहे. अप्पा मांडवाखाली डोळे मिटून बसलेत. झोपलेत असं वाटलं, पण वारा आला तेव्हा म्हणाले, "पश्चिम." दादाचा फोन येऊन गेला. "काय हेडबाई, माझ्या मजल्यावर काय चाललंय?" म्हटलं, "ये, पण दारातून ये."

उजेड उजवीकडून येतो आहे. शाई अजूनही पुसली जाते आहे, हाताची कड निळी आहे. पानावर सावली मात्र नाही.